दोन घरे, एक केबल

जबलपूरच्या गोरखपूर भागात आमचे घर आणि शेजारच्या काकांचे घर यांत एकच भिंत आहे. इंटरनेटची जोडणी मात्र वेगळी, कंपन्याही वेगळ्या. उन्हाळी सुट्टीत काका म्हणाले, "अरे, तुमच्या कॉम्प्युटरवरून आमच्या प्रिंटरवर छापता येईल का? दर वेळी वहिनी पेनड्राइव्ह घेऊन येतात."

मला वाटले, सोपे आहे. दोन्ही राउटर एका केबलने जोडले. थोड्याच वेळात दोन्ही घरांचे नेट अडखळू लागले.

चूक माझी होती. घरातील प्रत्येक यंत्राला राउटर एक पत्ता देतो. इंटरनेटच्या नियमांत काही पत्ते खासगी वापरासाठी राखलेले आहेत, १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. ते कोणत्याही घरात चालतात, म्हणून आमच्या आणि काकांच्या राउटरचा पत्ता एकच निघाला : १९२.१६८.१.१. केबल जोडताच दोन्ही घरांचे एकच जाळे झाले आणि त्यात पत्ते वाटणारे दोन! एकाच तुकडीला दोन उस्ताद एकदम हुकूम देऊ लागले तर जे होईल, तेच झाले.

केबल काढली आणि पद्धतशीर सुरुवात केली.

पहिले, आमच्या घरातील पत्ते १९२.१६८.२ ने सुरू होतील असे केले. काकांचे १९२.१६८.१ च राहिले.

दुसरे, मध्ये तिसरा छोटा राउटर ठेवला. त्याचे एक टोक काकांच्या जाळ्यात, १९२.१६८.१.२ या पत्त्यावर. दुसरे आमच्या जाळ्यात, १९२.१६८.२.२ वर. पत्ते वाटणे आणि पत्ते बदलणे ही त्याची दोन्ही कामे बंद केली.

तिसरे, दोन्ही घरांच्या राउटरना सांगितले : पलीकडच्या घराचा पत्ता आला तर मधल्या राउटरकडे पाठवा, बाकी सारे आपापल्या कंपनीकडे. याला स्टॅटिक रूट म्हणतात.

चौथे, प्रिंटरला कायमचा पत्ता दिला आणि मधल्या राउटरच्या फायरवॉलमध्ये फक्त त्याच पत्त्याला वाट ठेवली.

काका म्हणाले, "मग इंटरनेटही एकच ठेवू, पैसे वाचतील." मी नको म्हणालो. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी एक ई-मेल आला होता. तपास नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत पोहोचला. तिथले वायफाय सुरक्षित नव्हते आणि ते भलत्यानेच वापरले होते. बाहेरून घरातील कोणता फोन हे दिसत नाही. जोडणीचा पत्ता दिसतो, आणि पोलीस त्याच दारात येतात. काकांवर माझा पूर्ण विश्वास आहे. पण त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या फोनची हमी तेही देऊ शकत नाहीत. शिवाय जोडणी घराबाहेर देण्यास कंपनीच्या करारात मनाई असू शकते. तो आधी वाचावा.

आता आई घरूनच छापते. कागद आणायला मात्र काकांकडे जावेच लागते, आणि चहा घेतल्याशिवाय काकू सोडत नाहीत.