टाके घातले, पुढे काय?

महाड-पोलादपूरच्या घाटवाटांवरून रात्री अपघाताचा रुग्ण येतो. डॉक्टर रक्त थांबवितात, टाके घालतात. तो दारूच्या अंमलाखाली असेल, तर नातेवाईक ओशाळतात आणि त्याला घरी नेण्याची घाई करतात. मूळ दुखणे तसेच राहते.

वास्तविक हीच वेळ मोलाची. मरणाच्या दारातून परतलेला माणूस त्या घडीला ऐकू शकतो. मात्र नुसता पत्त्यांचा कागद पुरत नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात अफूजन्य पदार्थांच्या व्यसनींना तातडीच्या कक्षातच ब्युप्रेनॉर्फिन हे औषध सुरू केले. महिन्यानंतर शंभरांपैकी ७८ जण उपचार घेत होते. केवळ कागद मिळालेल्यांपैकी ३७.

दारूचे उपचार निराळे. रोजची दारू एकाएकी तुटली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत झटके व भ्रम जिवावर बेतू शकतात. म्हणून वैद्यकीय देखरेख हवी. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली स्थापिलेले मुक्तांगण आहे. १४४४६ ही शासनाची मोफत दूरध्वनीसेवा आहे.

मित्रहो, डॉक्टरांना पुढचा रुग्ण असतो. रुग्ण खाटेवर असतानाच तो फोन सोबत गेलेल्याने, म्हणजे आपणच, लावायला हवा.