नशा नव्हती, आजार होता!

नायकाचे केस पिकले तर आपण "अजून काय रुबाबदार दिसतो!" म्हणून सोडून देतो. पण आपल्याला पोट धरून हसवणाऱ्या नटाचं म्हातारपण मात्र आपल्याला खपत नाही. त्याचा हात थरथरला, गालफडं बसली, बोलताना तो जरा अडखळला, की दुपारच्या गप्पांत निकाल लागलाच म्हणून समजा. "घेत असणार हो! या लाइनीत सगळे तसलेच." खरं ना, मैत्रिणींनो?

आपला जॉनी वॉकरच घ्या. मूळचे इंदूरचे बद्रुद्दीन काझी, मुंबईत बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर होते. गुरुदत्तनी त्यांना नाव दिलं तेही व्हिस्कीचं! जन्मभर पडद्यावर झिंगले, पण खऱ्या आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवले नाहीत. उतारवयात, १९९७ साली, कमल हासनच्या 'चाची ४२०' मध्ये ते दिसले, तेही पिणाऱ्या रंगभूषाकाराच्या कामात. २००३ साली गेले.

'चाची ४२०' ची कल्पना जिच्यावरून आली ती 'मिसेस डाउटफायर' तुमच्यापैकी काहीजणींनी टीव्हीवर पाहिली असेल. मुलांच्या ओढीनं बाईचं सोंग घेणारा त्यातला बाप म्हणजे अमेरिकेचा रॉबिन विल्यम्स. आज सांगायचं आहे ते त्याच्याविषयी.

त्याच्याबद्दलची कुजबुज अगदीच निराधार नव्हती, हे आधी कबूल करायला हवं. तरुणपणी तो कोकेन घ्यायचा. मार्च १९८२ मध्ये जॉन बेलुशी हा त्याचा विनोदी नट मित्र कोकेन आणि हेरॉइन टोचून घेऊन मरण पावला. वय अवघं ३३! त्या धक्क्यानं, शिवाय घरात पहिलं मूल येणार म्हणून, विल्यम्सनं ते व्यसन सोडलं. पुढे वीस वर्षांनी दारू पुन्हा सुरू झाली, तेव्हा २००६ मध्ये तो आपणहून उपचार केंद्रात दाखल झाला. यातलं काहीच त्यानं लपवलं नाही. पण एकदा कपाळावर शिक्का बसला की तो पुसला जातो थोडाच!

२०१३ च्या शेवटी त्याची तब्येत बिघडू लागली. छातीत जळजळ, बद्धकोष्ठ, झोप नाही, वास येईनासा झालेला, डावा हात कापायचा, आणि विनाकारण भीती. एकेका तक्रारीकडे बघितलं तर साठीतल्या कोणत्याही पुरुषाच्या वाटाव्यात अशाच. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर महिनोन्‌महिने संवाद न चुकता म्हणणारा हा माणूस. तीन वर्षांनी चित्रीकरणात त्याला एक वाक्य लक्षात राहीना. मे २०१४ मध्ये डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला. ११ ऑगस्टला त्यानं स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. तो ६३ वर्षांचा होता.

जगभर पहिला संशय कशाचा आला असेल, सांगायला नकोच. पत्नी सुझन तीन दिवसांत म्हणाली, तो दारूपासून दूर होता. शवविच्छेदनाचा अहवाल नोव्हेंबरमध्ये आला : दारू नाही, अमली पदार्थ नाही. मेंदूत सापडला 'ल्युई बॉडी' नावाचा विकार. यात एक प्रथिन मेंदूच्या पेशींत साचत जातं आणि स्मृती, चाल, झोप, मन या सगळ्यांवर एकदम घाला घालतं. बिचाऱ्याला जिवंतपणी या आजाराचं नावसुद्धा कळलं नाही. २०१६ मध्ये सुझननं हे सारं मेंदूच्या डॉक्टरांच्या एका मासिकात लिहिलं.

आता तुम्ही म्हणाल, हॉलिवूडच्या नटाचं आम्हाला काय? अहो, असे सासरे, असे मामा आपल्याही घरांत असतात. सकाळी अगदी शहाण्यासारखं बोलतात, संध्याकाळी भ्रमिष्टासारखे. कोपऱ्यात लहान पोर उभं आहे म्हणतात, झोपेत लाथा झाडतात, चालताना पाय ओढतात. बाहेरचे म्हणतात घेतात, घरातले म्हणतात बाधा झाली, आणि सूनबाई बिचारी दोन्हीकडून ऐकते.

अशा वेळी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. आजार मुळापासून बरा होत नाही, पण भास आणि विसराळूपणा काही औषधांनी कमी होऊ शकतो. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. भास होतात म्हणून वेडावरच्या ज्या गोळ्या देतात, त्यांतल्या काही या आजारात उलटतात, प्रसंगी जिवावर बेततात. म्हणून शेजारणीच्या सासऱ्यांना लागू पडलेली गोळी आपल्याकडे नको. काय दिसलं, केव्हा दिसलं, झोपेत काय झालं, हे दिनदर्शिकेवरच त्या त्या तारखेला टिपून ठेवा, आणि डॉक्टरांकडे जाताना ती पानं नि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, झोपेच्यासुद्धा, पिशवीत घालून न्या.