विश्लेषण : कॅन्सरने गेलेल्या तरुणांच्या नावाचे निधी काही दशके का टिकतात?

घरातले तरुण माणूस कॅन्सरने गेले की काही महिन्यांनी अनेक कुटुंबांत एक विषय निघतो : त्याच्या नावाने काहीतरी करू या. कुणी शाळेत बक्षीस ठेवतो, कुणी रुग्णालयाला देणगी देतो, कुणी ट्रस्ट काढायचा विचार करतो. असे काही निधी दोन-तीन पुण्यतिथींनंतर थंडावतात. काही मात्र चाळीस वर्षांनंतरही पैसा उभा करत आहेत. हा फरक कशामुळे पडतो?

टेरी फॉक्स कोण होता?

जगातल्या सर्वाधिक परिचित स्मृतिनिधींपैकी एक कॅनडातल्या टेरी फॉक्सच्या नावाने आहे. १९७७ मध्ये, वयाच्या १८व्या वर्षी त्याला हाडाचा कॅन्सर झाला आणि उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. तो वाचण्याची शक्यता ५० टक्के असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. दोनच वर्षांपूर्वी ती १५ टक्के होती. फरक नव्या औषधांचा, म्हणजेच संशोधनाचा होता. पैसा संशोधनासाठीच गोळा करायचा, हे त्याने ठरवले.

१२ एप्रिल १९८० रोजी त्याने सेंट जॉन्स शहरातून कृत्रिम पायावर धावायला सुरुवात केली. तो रोज साधारण एका मॅरेथॉनइतके, म्हणजे ४२ किलोमीटर धावत असे. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले. कॅन्सर फुप्फुसांत पसरल्याने १ सप्टेंबर रोजी थंडर बेजवळ त्याला थांबावे लागले. प्रत्येक कॅनेडियन नागरिकामागे एक डॉलर, हे त्याचे लक्ष्य होते. फेब्रुवारी १९८१ पर्यंत २.४ कोटी डॉलर जमून ते पूर्ण झाले. २८ जून १९८१ रोजी, २२व्या वर्षी टेरी गेला.

तो गेल्यावर निधी का थांबला नाही?

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पहिली ‘टेरी फॉक्स रन’ झाली. सुमारे तीन लाख लोक आले आणि ३५ लाख डॉलर जमले. ही शर्यत नाही. इथे पहिला-दुसरा क्रमांक नसतो, धावणे, चालणे, सायकल काहीही चालते. आपल्या धावण्यातून कुणी नफा कमवायचा नाही, ही टेरीची अट होती आणि त्याच्या कुटुंबाने ती पाळली. कॅनडाबाहेरही ही दौड पोहोचली. मुंबईकरही तीत धावले आहेत. आजवर ८५ कोटी कॅनेडियन डॉलरहून अधिक रक्कम जमली आहे.

इतर निधींचे उद्देश वेगळे का?

कारण प्रत्येक रुग्णाला वेगळी उणीव दिसली. अमेरिकेतल्या अलेक्झांड्रा स्कॉटला पहिल्या वाढदिवसाच्या आधीच न्यूरोब्लास्टोमा झाल्याचे कळले. २००० मध्ये, चार वर्षांची असताना तिने घरासमोर लिंबू सरबताचा स्टॉल लावला. आपल्या डॉक्टरांना इतर मुलांनाही बरे करता यावे, म्हणून तिला पैसे जमवायचे होते. २००४ मध्ये, आठव्या वर्षी ती गेली, तोवर दहा लाख डॉलर जमले होते. तिच्या नावाची संस्था आजही बालकर्करोगाच्या संशोधनाला पैसा देते.

ब्रिटनच्या स्टीफन सटनला १५व्या वर्षी आतड्याचा कॅन्सर झाला. त्याने पैसा जमवला तो ‘टीनएज कॅन्सर ट्रस्ट’साठी. लहान मुलांच्या वॉर्डात किंवा वृद्धांच्या शेजारी पडून राहाव्या लागणाऱ्या १३ ते २४ वयाच्या रुग्णांसाठी ही संस्था वेगळे विभाग उभारते. लक्ष्य होते १० हजार पौंडांचे. मे २०१४ मध्ये १९व्या वर्षी तो गेला, तेव्हा निधी ३० लाख पौंडांच्या पुढे होता. पुढे तो ५० लाखांवर गेला.

मुंबईत असे उदाहरण आहे का?

वय वेगळे, पण वाट हीच. लेडी मेहरबाई टाटा १९३१ मध्ये, पन्नाशीत ल्युकेमियाने गेल्या. सर दोराबजी टाटांनी १९३२ मध्ये त्यांच्या नावाने ट्रस्ट केला. ल्युकेमियावरील संशोधन हा त्याचा मुख्य उद्देश. १९४१ मध्ये परळला सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या नावातला ‘मेमोरियल’ शब्दही याच इतिहासातून येतो.

आपल्याकडे उणीव कुठे आहे?

संशोधनाला मोठी रक्कम लागते. सामान्य कुटुंबाला जमेल अशी गरज रुग्णालयाच्या दाराबाहेर असते. नांदेड किंवा गडचिरोलीहून आलेल्या कुटुंबाला शासकीय योजनेतून उपचार मिळाले, तरी राहणे, जेवण, प्रवास आणि बुडालेली मजुरी उरतेच. मुलांमधल्या सर्वसामान्य ल्युकेमियाचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. खर्च झेपला नाही की काही पालक उपचार मध्येच सोडून गावी परततात. बरा होऊ शकणारा मुलगा अशा वेळी हातातून जातो. म्हणूनच दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा मुलांच्या कुटुंबांना मोफत निवारा देणारी ‘सेंट ज्यूड’ केंद्रे उपचारांइतकीच महत्त्वाची ठरतात.

स्वतःचा ट्रस्ट काढावा की देणगी द्यावी?

स्वतःच्या ट्रस्टची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी लागते. विश्वस्त, दरवर्षीचे हिशेब, लेखापरीक्षण हे सगळे आले. आईवडिलांनंतर ते कोण पाहणार, याचे उत्तर आधी हवे. दुसरा मार्ग म्हणजे चालू संस्थेत त्या व्यक्तीच्या नावाने कायम निधी ठेवणे. मुद्दल तसेच राहते, व्याज खर्च होते. समजा पाच लाख ठेवले आणि सहा टक्के व्याज मिळाले, तर वर्षाला ३० हजार रुपये येतात. त्यातून काही रुग्णांचा गावी जाण्या-येण्याचा खर्च निघू शकतो. हा निधी कशासाठी आणि व्याज कसे वापरायचे, हे संस्थेकडून लेखी घ्यावे.

देणगी देणाऱ्याने काय पाहावे?

पैसे संस्थेच्या खात्यात जातात की कुणाच्या वैयक्तिक खात्यात, हे पहिले तपासावे. प्राप्तिकरात ‘८०-जी’ नावाने ओळखली जाणारी सवलत हवी असेल, तर संस्थेकडे ती मान्यता आहे का ते पाहावे. दोन हजारांपेक्षा जास्त रोख देणगीवर ही सवलत नाही. नवी करप्रणाली निवडणाऱ्यांनाही ती मिळत नाही. मागच्या वर्षी किती रुग्णांना कोणती मदत झाली, हेही विचारावे.

कुटुंबांसाठी मात्र रकमेआधीचा प्रश्न वेगळा आहे : आजारपणात आपल्या माणसाला सर्वांत जास्त काय कमी पडले? औषध, खोली, गाडीभाडे की धीर देणारे कुणी? उत्तर एका वाक्यात लिहिता आले, तर निधीचा उद्देश ठरतो आणि पुढच्या पिढीलाही तो पाळता येतो.