वैमानिकाच्या कानातील गाणे आणि यंत्रमागाचा खडखडाट

लहान खाजगी विमान चालविणारे बरेच वैमानिक उड्डाणात गाणी ऐकतात. मोबाईलमधील डिजिटल संगीत त्यांच्या कानावरच्या हेडफोनमध्ये येते आणि त्याच हेडफोनमधून विमानतळाच्या टॉवरचा हुकूमही येतो. ही गोष्ट आम्ही मनमाडच्या कापड बाजारात सांगितली तेव्हा मंडळी हसली. पैसेवाल्यांची चैन, आपल्याला तिचे काय, असा एकंदर सूर होता. परंतु ही चैन कोणत्या बंदोबस्तावर उभी आहे ते पाहिले, तर आपल्या यंत्रमाग धंद्याच्या आणि त्यात घाम गाळणाऱ्या कारागिराच्या फायद्याची मोठी गोष्ट तीत सापडते. म्हणून हा विषय व्यापार पानावर घेतला आहे.

जुहू ते धुळे

लहान विमानाचे वेड आपल्या मुलखाला नवे नाही. मुंबई फ्लाइंग क्लब 1928 साली जुहूला सुरू झाला. जे. आर. डी. टाटा यांना 1929 साली विमान चालविण्याचा परवाना मिळाला आणि 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन ते एका इंजिनाच्या छोट्या विमानाने जुहूस उतरले. त्या विमानात रेडिओसुद्धा नव्हता. पुढे याच क्लबने धुळ्याच्या गोंदूर विमानतळावर उड्डाणाचे शिक्षण सुरू केले आणि शिरपूरच्या धावपट्टीवरही तशी सोय झाली. म्हणजे मनमाडहून मालेगाव आणि तेथून आग्रा रोडने धुळे, एवढ्याच अंतरावर ही विद्या येऊन पोहोचली. त्या रस्त्यावर मध्येच मालेगाव लागते आणि आमचे आजचे बोलणे खरे तर मालेगावच्या यंत्रमागांपाशीच जाऊन थांबणार आहे.

आधी कानाची हिफाजत

लहान विमानात इंजिन अगदी पुढ्यात असते. आतील गोंगाट साधारण 85 ते 100 डेसिबलपर्यंत जातो. जुन्या वैमानिकांचे कान याच गोंगाटाने कामातून जात. त्यावर उपाय म्हणून कानावर घट्ट बसणारे जाड कप आले. ते बाहेरचा आवाज अडवितात.

पुढची पायरी गाठली ती अमर बोस यांनी. हे अमेरिकेत जन्मलेले. वडील बंगालचे, इंग्रजांविरुद्धच्या चळवळीतून परागंदा झालेले. 1978 साली युरोपातून अमेरिकेस परतताना विमानात मिळालेल्या हेडफोनवर त्यांना इंजिनाच्या घरघरीपुढे संगीत धड ऐकू येईना. तेव्हा प्रवासातच त्यांनी गणित मांडले : कपाच्या आत बारीक मायक्रोफोन ठेवायचा, त्याने घरघर टिपायची आणि तिच्या नेमकी उलट लहर सोडून ती घरघर मारून टाकायची. 1986 साली व्हॉयेजर नावाचे विमान कोठेही न उतरता 9 दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, त्याच्या दोन्ही वैमानिकांनी या हेडफोनचे सुरुवातीचे नमुने वापरले. 1989 पासून असा हेडफोन वैमानिकांना बाजारात मिळू लागला.

म्हणजे क्रम लक्षात घ्यावा. आधी गोंगाट कमी केला, कान वाचविला, नंतर त्या शांततेत हळू आवाजाचे संगीत आले.

हुकूम आला की गाणे बंद

दुसरा बंदोबस्त असा की, टॉवरचा संदेश आला किंवा शेजारच्या आसनावरील माणूस बोलला, की गाणे आपोआप दबते आणि बोलणे संपल्यावर पुन्हा सुरू होते. वैमानिकाला बटण दाबावे लागत नाही. शिवाय उड्डाण घेताना व उतरताना गाणे बंद ठेवावे, असा शहाण्या वैमानिकांचा रिवाज आहे. याचे कारण रक्ताने लिहिलेले आहे. 1974 साली अमेरिकेत शार्लट शहराजवळ धुक्यात उतरताना एक प्रवासी विमान कोसळले. चौकशीत दिसले की कर्मचारी उतरतेवेळी इकडच्या तिकडच्या गप्पांत गुंतले होते. 1981 मध्ये तेथील सरकारने प्रवासी विमानांसाठी नियमच केला, की 10 हजार फुटांखाली कामाशिवाय बोलायचे नाही.

आमच्या मनमाड जंक्शनवर कानात इअरफोन घालून रूळ ओलांडणारी पोरे आम्ही रोज पाहतो. वैमानिकाचे गाणे टॉवर थांबवितो. या पोरांचे गाणे इंजिनाचा भोंगाही थांबवू शकत नाही.

साधनेही पारखून घ्यावी लागतात. सीडीचा प्लेअर विमानाच्या थरथरीत अडखळत असे. 2001 साली निघालेल्या आयपॉडमध्ये फिरती तबकडी होती आणि तिच्यावरचे वाचणारे टोक हवेच्या पातळ थरावर तरंगे. म्हणून 10 हजार फुटांवर तो वापरू नये, असे कंपनीच सांगत असे, कारण उंचीवर हवा विरळ होते. फिरता भाग नसलेले मोबाईल आले तेव्हा ही अडचण मिटली.

आता आपल्या कारखान्यात या

मालेगावात लाखाच्या वर यंत्रमाग आहेत आणि त्यांतील बहुतेक साधे, धोट्याचे. मिनिटाला शंभरावर वेळा दांडी धोट्याला मारते. वर पत्र्याचे छत, भिंती उघड्या, माग खेटून लावलेले. अशा शेडमध्ये आवाज 90 ते 105 डेसिबलच्या घरात असतो, म्हणजे लहान विमानाच्या बरोबरीचा, किंबहुना त्याहून अधिक. वैमानिक त्यात दोन-तीन तास बसतो, तोही कान झाकून. आपला कारागीर 12 तासांची पाळी करतो, तीही उघड्या कानाने.

डेसिबलचा हिशेब मीटर-गजासारखा सरळ नाही, हे व्यापारी बंधूंनी ध्यानात घ्यावे. 90 चे 100 झाले म्हणजे आवाजाची ताकद दसपट झाली. 1948 च्या कारखाना कायद्याखालील नियमांत 90 डेसिबलला 8 तास, 95 ला 4 तास आणि 100 ला 2 तास अशी मर्यादा घातली गेली. 95 च्या शेडमध्ये 12 तास म्हणजे मर्यादेच्या तिप्पट. गोंगाटाने आलेला बहिरेपणा हा कायद्यानेही भरपाईचा आजार मानला आहे. पण चार-सहा मागांच्या कारखान्यात भरपाई मागायला कोण जातो?

आणि आता त्यात भर पडली आहे मोबाईलची. पाळी कंटाळवाणी म्हणून कारागीर कानात स्वस्त इअरफोन घालतो. कोणी गाणी ऐकतो, कोणी नात, कोणी तकरीर. ऐकणे कोणते, हा आमचा आजचा विषय नाही. विषय असा, की हा इअरफोन बाहेरचा आवाज फारसा अडवीत नाही. मागाच्या 95 वर मात करायची तर आवाज त्याहून वर न्यावा लागतो, आणि मोबाईल तो 100 च्या पुढे नेऊ शकतो. मागाचा मार होताच, आता त्यावर मोबाईलचा. तिलावत ऐकण्याचे तर अदबच शांततेचे आहे. खडखडाटावर ओरडून ती लावण्यात कानाचेही नुकसान आणि अदबीचेही.

कानाच्या आतील बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. दवा नाही, ऑपरेशन नाही. सुरुवातीला फक्त पाळी सुटल्यावर कानात शीळ वाजते. मग ‘स’, ‘फ’ अशी अक्षरे निसटतात, घरात बीबी-मुलांचे बोलणे अर्धवट पोहोचते, दूरची अजान कळेनाशी होते. कारागीर मोठ्याने बोलू लागतो आणि लोक त्याला रागीट समजतात.

उपाय स्वस्त आहे

वैमानिकाचा उलट लहरीचा हेडफोन हजार डॉलरच्या वर जातो. तो आपल्याला नको, आणि आपल्या कामाचाही नाही. ती युक्ती इंजिनाच्या संथ घरघरीवर चांगली चालते. धोट्याच्या तीक्ष्ण ठोक्यावर तिचा उपयोग कमी. त्या ठोक्याला अडवायला कानात घालायचे साधे फोमचे बोळे पुरतात. त्यांची जोडी काही रुपयांत मिळते. इअर मफ म्हणून मिळणारे कानावरचे कप काही शे रुपयांत येतात. एका कारागिरामागचा हा खर्च एक-दोन दिवसांच्या मजुरीत बसतो. एवढ्याच्या बदल्यात हुशार हात वर्षानुवर्षे कामावर टिकत असेल, तर हा सौदा तोट्याचा नाही.

कारागिरांची तक्रार आम्हास ठाऊक आहे : कपाखाली घाम येतो, कान चिकटतात. वैमानिकांनाही तो त्रास होतो, म्हणून त्यांच्यासाठी कपावर चढविण्याचे सुती कापडाचे गिलाफ विकले जातात. धुवावे आणि पुन्हा घालावे. असे गिलाफ शिवायला मालेगावचे सुती कापड आणि आपल्या भागातील शिलाई कारागीर यांहून काय हवे? कोणी तरुण व्यापाऱ्याने मफ ठोकीत आणून, गिलाफासह कारखान्यांना पुरविले, तर छोटासा का होईना, धंदा उभा राहील.

त्याखेरीज झिजलेला पिकर वेळेवर बदलावा, सैल बोल्ट आवळावेत, तेल-पाणी नियमित करावे. खडखडाट उतरतो आणि मागही जास्त चालतो. बिना-धोट्याचे रेपियर घेतले की प्रश्न संपला, असेही समजू नये. धोट्याचा मार जातो, पण वेग वाढतो आणि गोंगाट राहतोच.

वैमानिकाकडून घ्यायचे ते एवढेच : कान आधी झाका, काम चालू असताना हाक ऐकू येईल असे राहा, आणि ऐकण्याचा शौक पाळीनंतर शांत जागी पुरवा. शरीर ही अल्लाहने दिलेली अमानत आहे आणि कारागिराचे कान मालकाच्याही जबाबदारीत येतात.

मालेगावात जुम्म्याला माग बंद असतात. त्या दिवशी मालकांनी एक साधी गोष्ट करावी. कारागिराच्या पाठीमागे दोन फुटांवर उभे राहून, त्याचा एक कान झाकायला लावून, हळू कुजबुजत दोन-चार आकडे म्हणावेत आणि ते त्याला परत म्हणायला सांगावेत. ज्याला ते म्हणता येत नाहीत, त्याला कानाच्या डॉक्टरकडे न्यावे आणि शनिवारी पाळीवर पाठविण्याआधी त्याच्या हातात बोळ्यांची जोडी द्यावी.