मागचं दार उघडेना!

"काका, दार उघडत नाहीये."

मे महिन्यातली दुपार. भद्रावतीच्या बाजारातून सामान घेऊन आम्ही गाडीजवळ आलो होतो. मागच्या डाव्या दाराशी माझी आठवीतली पुतणी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभी. ऊन असं की गाडीच्या टपावर पापड भाजून निघावा.

"जोरात ओढ ना जरा," मी म्हणालो.

तिनं जोरात ओढलं. 'टक्' असा आवाज झाला आणि दाराचं काळं हँडल एका बाजूनं लोंबायला लागलं. पुतणी रडकुंडीला आली. "मी नाही तोडलं काका, तुम्हीच म्हणाले जोरात ओढ म्हणून!"

तिचं बरोबर होतं. हँडल तिनं तोडलं नाही, मीही नाही. खरं तर ते त्या दिवशी तुटलंच नव्हतं, कितीतरी महिने हळूहळू तुटत आलं होतं. पण हे मला नंतर, दार खोलल्यावर कळलं.

आमची गाडी म्हणजे मारुती ८००. नंबर एमएच ३४, म्हणजे आपल्या चंद्रपूर जिल्ह्याचा. मॉडेल २००४ सालचं. मुलांनो, तुमच्यापैकी काही जणांनी ही गाडी फक्त फोटोत बघितली असेल. पण तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांच्याकडे हिची एखादी तरी आठवण निघेलच. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते या गाडीची पहिली चावी ग्राहकाला मिळाली आणि जानेवारी २०१४ मध्ये शेवटची गाडी कारखान्यातून बाहेर पडली. तीस वर्षं! आमच्या गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत तपासणी करून नोंदणीची मुदत वाढवून घेतली. इंजिन अजून ठणठणीत आहे. इंजिनाकडे आम्ही लक्ष दिलं, दारांकडे कधीच दिलं नाही. त्यामुळे यात गाडीला बोल लावण्यासारखं काही नाही.

बरं, एक हँडल तुटलं म्हणून एवढं काय बिघडलं? आतून उघडायचं दार, असं तुम्ही म्हणाल. तिथंच तर गंमत होती.

मागच्या दारांना 'चाइल्ड लॉक' असतं. दार उघडलं की त्याच्या कडेला एक छोटीशी कळ दिसते. ती एका बाजूला सरकवली की आतलं हँडल कितीही ओढा, दार उघडत नाही, फक्त बाहेरूनच उघडतं. पुतणीचा धाकटा भाऊ दुसरीत आहे. चालत्या गाडीत दाराशी चाळा करायची त्याला भारी हौस. म्हणून आम्ही दोन्ही मागच्या दारांची ही कळ लावून ठेवली होती. आता बाहेरचं हँडल तुटलेलं, आतलं बंद केलेलं, आणि बंद करणारी कळ दाराच्या कडेला, म्हणजे दार उघडल्याशिवाय हात पोचणार नाही अशा जागी. पेटीची किल्ली पेटीतच!

त्यानंतर तीन आठवडे सगळे उजव्या दारानं चढ-उतर करू लागले. उजवी बाजू म्हणजे रस्त्याची बाजू. आमच्या गावातून नागपूर-चंद्रपूर महामार्ग जातो आणि आजूबाजूला कोळशाच्या खाणी. ट्रकमागून ट्रक चालू असतात. मी रस्त्यात उभा राहून दार उघडायचो, मुलं उतरायची आणि पाठीवर ट्रकचा वारा लागायचा. आजीचे तर आणखीच हाल. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे सीटवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकणं तिला जमत नाही. दोनदा प्रयत्न केला आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "मी नाही येत बापा तुमच्या गाडीत. तुम्ही जा, मी घरीच बरी." भद्रनागाच्या देवळातही जाईना.

मेकॅनिककडे टाकता आली असती गाडी. पण पुतणी म्हणाली, "आपणच खोलून बघूया ना काका. विज्ञानात आम्हाला तरफ आहेच." आता भाचरं-पुतणी विज्ञान काढू लागली की काकानं कुठं जायचं?

रविवारी सकाळी सहालाच, ऊन चढायच्या आत, गाडी कडुनिंबाच्या सावलीत घेतली. हत्यारं साधीच होती: दोन पेचकस, दहा नंबरचा पाना, पक्कड, सुती फडकं, टॉर्च. मागच्या सीटची बैठक काढून बाजूला ठेवली आणि आम्ही दोघं आत शिरलो. आधी काच पूर्ण वर केली, म्हणजे ती दाराच्या पोटातून निघून जाते आणि हात घालायला जागा होते.

पहिली अडचण आली काच वर-खाली करायच्या हँडलापाशी. त्याला कुठं स्क्रूच दिसेना! ते एका तारेच्या क्लिपनं धरलेलं असतं. घोड्याच्या नालेसारखी दिसणारी ही क्लिप हँडलाच्या मागे लपलेली असते. ती काढायची युक्ती जुने मेकॅनिक करतात ती अशी: सुती फडक्याची पट्टी हँडल आणि दार यांच्या फटीत घालायची आणि बूट पॉलिश करताना फडकं ओढतो तशी मागे-पुढे ओढायची. धाग्यात अडकून क्लिप सुटते. सुटते म्हणजे उडते! म्हणून डोळे लांब ठेवायचे आणि वर दुसरा कपडा धरायचा. आम्ही कपडा धरला नाही. क्लिप उडाली ती थेट पुढच्या सीटखाली. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधून शोधली, दहा मिनिटं गेली.

मग हात टेकायच्या पट्टीचे दोन स्क्रू, आतल्या हँडलाची चौकट, आणि शेवटी दाराचं पॅड. हे पॅड पुठ्ठ्यासारखं असतं आणि कडेनं छोट्या क्लिपांनी बसवलेलं असतं. घाईनं ओढलं तर क्लिप तशीच राहते आणि पुठ्ठा फाटतो. पेचकसाला फडकं गुंडाळून, अगदी क्लिपच्या शेजारी घालून, एकेक करून उचकटायचं. पॅडच्या मागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला होता. "हा फेकून देऊ?" पुतणीनं विचारलं. छे! काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात जातच असतं. ते पॅडला लागू नये म्हणून हा कागद. आणि ते पाणी बाहेर पडावं म्हणून दाराच्या तळाला भोकं असतात. आमची भोकं माती आणि निंबाच्या पानांनी गच्च भरली होती. आणखी दोन पावसाळे गेले असते तर दार खालून सडलंच असतं.

आता दाराचं पोट उघडं पडलं. टॉर्च लावला आणि पुतणीनं मोबाइलवर चार फोटो काढले, म्हणजे परत जोडताना गोंधळ नको. (आम्ही लहानपणी सायकल खोलायचो तेव्हा पाटीवर चित्र काढायचो. आणि तरी शेवटी दोन नट उरायचेच.)

आत काय दिसलं? बाहेरच्या हँडलापासून एक बारीक सळी खाली लॉककडे जाते. हँडल वर उचललं की त्याचं आतलं टोक सळीला खाली दाबतं, सळी लॉकमधली खिट्टी सरकवते आणि दार सुटतं. बस्स, एवढंच. हँडल म्हणजे एक तरफ. जिथं ते फिरतं तो टेकू. आपला हात टेकूपासून लांब, सळी टेकूच्या जवळ. समजा, हात सळीच्या चौपट लांब असेल, तर तुम्ही दोन किलोचं बल लावलं की सळीच्या टोकाला आठ किलोचा जोर बसतो. आणि हा सगळा जोर येतो प्लास्टिकच्या बोटाएवढ्या तुकड्यावर. आमचा नेमका तोच तुकडा मोडला होता.

पुतणीनं सळीवर बोट ठेवलं आणि खाली दाबलं. हलेना. मी पक्कडीनं धरून दाबलं. खट्! तीन आठवड्यांनी दार उघडलं. धाकट्यानं अंगणात उडी मारून आरोळी ठोकली. पहिलं काम म्हणजे चाइल्ड लॉकची कळ उलटी सरकवली, परत तीच फजिती नको म्हणून.

पण थांबा. सळी बोटानं का हलली नाही? ती तर सहज हलायला हवी होती. दाराच्या कडेला लॉकमध्ये टॉर्च मारला तर आत काळाकुट्ट लगदा. जुनं ग्रीस, धूळ, कोळशाची पूड, सगळं वाळून डिंकासारखं घट्ट झालेलं. म्हणजे बघा, लॉक जाम होत गेलं, आपण हँडल जास्त जोरानं ओढत गेलो, आणि शेवटी जो भाग सगळ्यांत नाजूक तो मोडला. नुसतं नवीन हँडल बसवलं असतं तर तेही वर्षभरात गेलं असतं. 'जोरात ओढ' म्हणणारा मी, दोन थेंब तेल घालायला हवं होतं!

त्यात आपलं ऊन. चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर जातो हे साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. उन्हातले अतिनील किरण प्लास्टिकच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या तोडतात. मग ते पांढुरकं पडतं, लवचीकपणा जातो, ठिसूळ होतं. गच्चीवरच्या दोरीला लावलेले कपड्यांचे चिमटे बघा, दोन उन्हाळ्यांत बोटात मोडतात. आमच्या हँडलानं तर वीस उन्हाळे काढले होते. जुन्या अँबॅसडर, फियाट गाड्यांची हँडलं चकचकीत धातूची असायची. ती उन्हानं अशी ठिसूळ होत नसत, पण दुपारी हात लावला की चटका बसायचा!

हँडल दोन नटांवर असतं. एक समोर दिसतो, दुसरा नुसत्या स्पर्शानं शोधायचा. दाराच्या आतल्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात, म्हणून मी जाड हातमोजे घातले आणि हे काम पुतणीला करू दिलं नाही. ती रुसली. मग टॉर्च धरायचा आणि 'डावीकडे, अजून डावीकडे' असं सांगायचा मान तिला. दाराच्या तळाशी एक कापड पसरलं होतं. नट पडला तर त्यातच पडावा. पडलाच!

तुटकं हँडल पिशवीत घालून चंद्रपूरला सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदाराचा पहिला प्रश्न, "लेफ्ट का राइट? पुढचं का मागचं?" डावं आणि उजवं वेगळं असतं, आरशातल्या प्रतिमेसारखं. जुना तुकडा सोबत होता म्हणून चूक झाली नाही. दोनशे रुपयांच्या आतबाहेर काम झालं.

पुढच्या रविवारी आधी लॉक साफ केलं. जुन्या टूथब्रशनं थोडं रॉकेलसारखं द्रव लावून लगदा काढला, फडक्यानं पुसलं, वाळू दिलं, मग नवीन ग्रीस. (हे करताना काडीपेटी, अगरबत्ती जवळपास नको. हे मोठ्यांनीच करायचं.) आता सळी करंगळीनं हलू लागली. नवं हँडल बसवलं, सळी अडकवली. सळीला अगदी किंचित ढील ठेवावी लागते. ती ताणून बसवली तर खिट्टी पूर्ण बसतच नाही आणि दार चालत्या गाडीत उघडू शकतं.

आणि मग सगळ्यांत महत्त्वाची पायरी, जी घाईत लोक विसरतात. दार लावून बघायचं नाही! दार उघडंच ठेवायचं आणि पेचकसानं लॉकची चकती फिरवून, जणू दार लागलंय असं करायचं. एकदा 'खट्', मग दुसऱ्यांदा 'खट्'. आता बाहेरचं हँडल उचलायचं. चकती सुटली तरच दार लावायचं. नाही सुटली आणि दार लावून बसलात, तर पुन्हा पेटीची किल्ली पेटीत.

"दोनदा खट् कशाला?" धाकट्यानं विचारलं. छान प्रश्न. १९५० च्या दशकात अमेरिकेत अपघातांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की टक्कर झाली की दारं उघडतात आणि माणसं बाहेर फेकली जातात. मग लॉक मजबूत करण्यावर भर आला. पहिली खट् म्हणजे दार अर्धवट लागलं, तरी सुटून उघडणार नाही. दुसरी खट् म्हणजे पक्कं. दार थोडं हलतंय, वारा शिरतोय असं वाटलं तर समजा, पहिल्याच खट् वर थांबलंय.

आईबाबांसाठी दोन गोष्टी. ज्या गाडीच्या दारात काचेची मोटर, वायर किंवा एअरबॅग आहे, ती घरी खोलू नका, मेकॅनिकलाच बोलवा. आणि चाइल्ड लॉक लावलेल्या मागच्या दाराचं बाहेरचं हँडल कुरकुरत असेल तर दिवस ढकलू नका. उन्हात बंद गाडीचं आतलं तापमान अर्ध्या तासात पंधरा अंशांहूनही जास्त वाढू शकतं. त्यात लहान मूल मागे असेल तर दार एका झटक्यात उघडायलाच हवं.

संध्याकाळी आजीला बोलावलं. ती काठी टेकत आली आणि दाराशी उभी राहिली. बाकी तीन हँडलं पांढुरकी, हे एकटंच काळंभोर. "कोणी केलं?" "मी!" पुतणी म्हणाली. मी गप्प बसलो. आजीनं दोन बोटांनी हँडल उचललं. दार उघडलं. आत बसली, मांडीवर पिशवी घेतली आणि म्हणाली, "आता बघून काय राहिले? चला ना देवळात."

देवळातून आल्यावर उरलेली तीन हँडलं एकेक करून हळूच उचलून बघितली. मागचं उजवं जरा जडच लागलं. ते येत्या रविवारी.