लाकडी सांध्यांसाठी टेबल सॉची पाती

टेबल सॉ हे सुतारकामातील एक यंत्र असून त्यात सपाट टेबलाच्या फटीतून गोल करवतीचे पाते वर आलेले असते. पाते एका जागी फिरते आणि लाकूड त्याच्याकडे सरकवले जाते. लाकूड मापात कापणे हा या यंत्राचा मुख्य उपयोग असला, तरी चौकटी, कपाटे, खण व पेट्या यांचे सांधे कापण्यासाठीही ते वापरले जाते. सांध्याचा काप केवळ सरळ असून भागत नाही. खाचेचा तळ सपाट, कोपरे काटकोनात आणि बाजू गुळगुळीत असाव्या लागतात. सांध्यात राहिलेली फट सरसाने भरली, तरी तेथे लाकडाचे पृष्ठभाग एकमेकांना नीट भिडत नाहीत व सांधा कमकुवत राहतो. त्यामुळे सांध्याच्या कामात पात्याची निवड महत्त्वाची ठरते.

इतिहास

इंग्लंडमध्ये १७७७ साली सॅम्युएल मिलर यांना गोल करवतीसंबंधीचे पेटंट मिळाले. आरंभी पाती पूर्णपणे पोलादी असत व दाते वारंवार कानसून धार लावावी लागे. १९२० च्या दशकात जर्मनीत टंगस्टन कार्बाइड हा अतिकठीण पदार्थ हत्यारांसाठी वापरात आला. पुढे त्याचे तुकडे पोलादी चकतीच्या दात्यांवर डाखून बसवले जाऊ लागले आणि धार दीर्घकाळ टिकू लागली.

पात्याची रचना

छोट्या कार्यशाळांतील टेबल सॉवर सर्वसाधारणपणे १० इंच (२५४ मिमी) व्यासाचे पाते असते. पात्याचे गुणधर्म पुढील बाबींवर अवलंबून असतात.

दात्यांची संख्या: कमी दाते असलेले पाते जलद कापते, तर अधिक दात्यांचे पाते गुळगुळीत काप देते.

गलेट: दोन दात्यांमधील पोकळी. कापताना सुटलेला भुसा या पोकळीत साठून बाहेर फेकला जातो. दाते वाढले की पोकळी लहान होते.

हूक कोन: दाता पुढे किती झुकलेला आहे हे दर्शवणारा कोन. उभ्या कापाच्या पात्यात तो सुमारे २० अंश असतो व पाते लाकूड जोराने ओढते. आडव्या कापाच्या पात्यात तो कमी ठेवतात.

कर्फ: पात्यामुळे पडणाऱ्या चिरेची रुंदी. जाड पात्याचा कर्फ सुमारे ३.२ मिमी, तर पातळ पात्याचा सुमारे २.४ मिमी असतो. पातळ पाते एक चतुर्थांश कमी लाकूड काढते, त्यामुळे कमी शक्तीच्या मोटरला ते सोयीचे असते. मात्र भार आल्यास ते वाकण्याची शक्यता अधिक असते.

दात्यांच्या धारेचे आकार

सपाट माथ्याचे दाते छोट्या पटाशीप्रमाणे काम करतात व खाचेचा तळ सपाट सोडतात. आलटून-पालटून डावीकडे व उजवीकडे तिरपे घासलेले दाते लाकडाचे तंतू टोकाने छेदतात. त्यामुळे कडा स्वच्छ येतात, परंतु खाचेच्या तळाशी दोन्ही बाजूंना बारीक चिरा उमटतात. मिश्र पात्यात चार तिरपे व एक सपाट अशा पाच दात्यांचे गट असतात. १० इंची पात्यात असे एकूण ५० दाते असतात. तिहेरी घासणीच्या पात्यात कोपरे कापलेला उंच दाता आधी मधला भाग काढतो आणि त्यामागचा सपाट दाता कोपरे साफ करतो.

उभा व आडवा काप

लाकडाच्या तंतूंच्या दिशेने केलेला काप उभा, तर तंतू छेदून केलेला काप आडवा म्हटला जातो. उभ्या कापात तंतूंचे लांब पापुद्रे सुटतात, म्हणून २४ ते ३० दाते व मोठ्या पोकळ्या असलेले पाते वापरतात. आडव्या कापात तंतू तुटून कडा फाटू नये म्हणून ६० ते ८० तिरपे दाते उपयुक्त असतात.

हा फरक आकड्यांतून स्पष्ट होतो. पाते मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर २४ दात्यांच्या पात्याचे ९६,००० दाते दर मिनिटाला लाकडाला भिडतात. लाकूड मिनिटाला ६ मीटर वेगाने सरकवल्यास प्रत्येक दात्याच्या वाट्याला सुमारे ०.०६ मिमी लाकूड येते. ८० दात्यांच्या पात्यात हेच प्रमाण ०.०२ मिमीहून कमी होते. दाता तेव्हा कापण्याऐवजी घासू लागतो, उष्णता वाढते आणि लाकडावर जळल्याचे काळे डाग पडतात. म्हणून ‘दाते जितके अधिक तितके पाते चांगले’ हा समज उभ्या कापाला लागू पडत नाही.

सांध्यानुसार निवड

टेनन: एका लाकडाच्या टोकाला काढलेली ही जीभ दुसऱ्या लाकडातील चौकोनी भोकात बसते. जिभेचे गाल हा उभा काप, तर खांदे हा आडवा काप असतो. एकाच सांध्यात दोन्ही काप येत असल्याने मिश्र पाते सोयीचे ठरते. काम मोठे असल्यास गालांसाठी उभ्या कापाचे व खांद्यांसाठी आडव्या कापाचे पाते वापरतात.

खाच: कपाटाच्या फळ्या बसवण्यासाठी रुंद खाच लागते. तिच्यासाठी डॅडो संच वापरतात. त्यात बाहेरची दोन पाती, मधले कातणारे तुकडे व पातळ चकत्या असतात. त्यांच्या संख्येनुसार खाचेची रुंदी ठरते. १८ मिमी म्हणून विकले जाणारे प्लायवूड प्रत्यक्षात थोडे पातळ असू शकते, म्हणून रुंदी छापील मापावरून न ठरवता प्रत्यक्ष फळीवरून ठरवतात.

बोटांचा सांधा: पेटीच्या कोपऱ्यांवर एकमेकांत गुंतणारी चौकोनी बोटे काढली जातात. येथे सपाट माथ्याचे दाते आवश्यक असतात. प्रत्येक बोटात ०.१ मिमी चूक झाली, तरी दहा बोटांनंतर ती १ मिमी होते आणि सांधा बसत नाही.

डव्हटेल: पाते कलते करून या सांध्याच्या शेपट्या कापता येतात. साध्या पात्याने कोपऱ्यात थोडे लाकूड शिल्लक राहते व ते पटाशीने काढावे लागते. यासाठी सर्व दाते एकाच दिशेने, शेपटीच्या कोनात घासलेले पाते वापरतात.

मायटर: चौकटीच्या कोपऱ्यावर दोन तुकडे ४५ अंशांत जुळवतात. त्यासाठी ६० ते ८० तिरप्या दात्यांचे पाते योग्य असते. मात्र चार कोपऱ्यांत आठ काप येतात. प्रत्येकात पाव अंशाची चूक झाल्यास एकूण चूक २ अंश होते. पाते कितीही चांगले असले, तरी कोनाची चूक त्याने सुधारत नाही.

लाकडाचा प्रकार

सागवानात सिलिकाचे कण असल्याने पात्याची धार लवकर बोथट होते; त्यासाठी कार्बाइडचे दाते उपयुक्त असतात. प्लायवूडच्या वरच्या पातळ थराची कड फुटू नये म्हणून अधिक तिरप्या दात्यांचे, तर एमडीएफ व लॅमिनेटसाठी तिहेरी घासणीचे पाते निवडतात.

बसवणी आणि सुरक्षितता

पाते बसवण्यापूर्वी वीजजोडणी काढली जाते. पात्याला धरणाऱ्या चकत्यांवर भुसा राहिल्यास पाते डगमगते व चीर रुंदावते. दात्यांवर साचलेला राळेचा थरही घर्षण वाढवतो. अनेकदा बोथट वाटणारे पाते स्वच्छ केल्यावर पुन्हा नीट कापते. सांध्याचे माप नेहमी टाकाऊ तुकड्यावर तपासतात.

१० इंची पात्याची कड ४,००० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे ५३ मीटर वेगाने फिरते. लाकूड पात्याच्या मागील दात्यांवर अडकल्यास ते चालकाच्या दिशेने फेकले जाते. हे टाळण्यासाठी पात्यामागे दुभाजक पट्टी असते. तिची जाडी कर्फपेक्षा कमी व पात्याच्या चकतीपेक्षा अधिक असावी लागते. म्हणून पातळ पाते बसवताना पट्टी जुळते का हे पाहणे आवश्यक असते. डॅडो संच वापरताना नेहमीचे संरक्षक आवरण काढावे लागते. अशा वेळी लाकूड दाबून धरणाऱ्या पट्ट्या व ढकलकाठी वापरतात. संच केवळ आस पुरेसा लांब असलेल्या यंत्रावर बसवता येतो. युरोपातील अनेक यंत्रांचा आस आखूड असल्याने तेथे खाचांसाठी राऊटरचा वापर अधिक आढळतो.