आधी नोंद, मग दुरुस्ती
लेखमाला : दुरुस्तीच्या टेबलावरून – लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण पॉवर सप्लायचे बिघाड पाहिले. ते बिघाड तसे सरळ असतात. सुकलेला कंडेन्सर बदलला, फुटलेला डायोड काढला की व्होल्टेज परत येतं. आजचा बिघाड वेगळ्या जातीचा आहे. काहीही जळलेलं नसतं, सगळे व्होल्टेज जागच्या जागी असतात, पडद्यावर ट्रेसही दिसतो. पण यंत्र स्वतःची मापं विसरलेलं असतं.

भोसरी, चिंचवड, चाकण या पट्ट्यातल्या कारखान्यांत १९८० आणि १९९० च्या दशकांतले ऑसिलोस्कोप, मीटर आणि जनरेटर आजही रोज कामात आहेत. नवं का घेत नाही, असं विचारलं तर परचेसवाले आधी पैशाचं कारण सांगतात. खरी अडचण टेस्टिंगच्या टेबलावर कळते. यंत्राच्या पाठीमागे जाडजूड जीपीआयबी केबल असते. ही जोडणी १९७५ साली आयईईई-४८८ या नावाने प्रमाणित झाली आणि तिच्यावरून संगणक यंत्राला हुकूम देतो. ते हुकूम त्या मॉडेलपुरते असतात. यंत्र बदललं की प्रोग्राम बदला, चाचणीची पद्धत नव्याने लिहा, मोठ्या गिऱ्हाइकाची मंजुरी पुन्हा मिळवा. त्यापेक्षा जुनं यंत्र दुरुस्त केलेलं परवडतं.

आता मापं विसरणं म्हणजे काय ते पाहू. जुन्या स्कोपमध्ये प्रत्येक चॅनेलचं माप जुळवायला आत छोटे प्रीसेट असत. स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचे आणि सोडून द्यायचे. मायक्रोप्रोसेसर आल्यावर यातले बरेच प्रीसेट गेले आणि त्यांच्या जागी मेमरीत साठवलेले आकडे आले. चॅनेलचा गेन किती कमी-जास्त करायचा, शून्य कुठे धरायचं, टाइमबेस किती दुरुस्त करायचा, हे सगळं त्या आकड्यांत असतं. त्यांना कॅलिब्रेशन कॉन्स्टंट म्हणतात. ते त्या एकाच नगाचे असतात. शेजारच्या टेबलावरच्या, अगदी त्याच मॉडेलच्या स्कोपचे आकडे इथे चालत नाहीत.

वीज बंद असताना हे आकडे टिकवायचं काम एक लिथियमची बॅटरी करते. काही यंत्रांत ती बोर्डावर वेगळी दिसते. काहींत डॅलस कंपनीची चिप असते : मेमरी आणि बॅटरी एकाच काळ्या डबीत बंद. नेहमीच्या आयसीपेक्षा ही डबी उंच असते, त्यामुळे झाकण काढल्यावर लगेच ओळखू येते. वीज नसतानाही १० वर्षं माहिती टिकेल, असं कंपनी सांगते. प्रत्यक्षात यातल्या कितीतरी चिपा त्याच्या दुप्पट वर्षं टिकल्या आहेत, पण त्या आता उसन्या आयुष्यावर आहेत. स्कोप रोज चालू असेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. दिवाळीची मोठी सुट्टी होते, मेन स्विच खाली जातो आणि कामगार परत येतात तेव्हा आकडे पुसलेले असतात.

टेक्ट्रॉनिक्सचा २४६५बी हा याचा चांगला नमुना. चार चॅनेल, ४०० मेगाहर्ट्झ, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातला स्कोप. तो सुरू होताना स्वतःची तपासणी करतो. आकडे बिघडले असतील तर पडद्यावर ‘टेस्ट ०४ फेल’ असं येतं. गंमत अशी, की समोरचं एक बटण दाबलं की तो पुढे जातो आणि ट्रेस दाखवतो. मग ऑपरेटर रोज सकाळी ते बटण दाबून कामाला लागतो. पडद्यावर सिग्नल दिसतोय म्हणजे स्कोप ठीक, असा त्याचा समज. पण त्या स्कोपने मोजलेल्या व्होल्टवर आणि मायक्रोसेकंदावर विश्वास ठेवून माल पास करणं धोक्याचं आहे.

म्हणून असं यंत्र टेबलावर आलं की पाना-पकड हातात घेण्याआधी नोंदवही उघडायची. वायर न लावता आधी झाकण काढून डोळ्यांनी तपासायचं. मेन्सच्या वाटेवर पिवळसर, पारदर्शक वेष्टनाचा रिफा कंपनीचा कंडेन्सर असेल तर त्याला तडे गेलेत का पाहायचं. तड्यांतून ओल आत शिरते आणि वीज दिल्यावर तो धूर सोडतो. पुण्याच्या पावसाळ्यानंतर तर हमखास. तो बदलूनच यंत्र सुरू करायचं. मग आल्या स्थितीतली रीडिंग घ्यायची. ग्राहकाला ती लागतात, कारण यंत्र चुकत होतं असं निघालं तर मधल्या काळात त्यावर तपासलेल्या मालाचं काय करायचं हे त्याला ठरवावं लागतं. आधी जुळवणी करून मग रीडिंग घेतली तर हा पुरावा कायमचा गेला.

यानंतर मेमरी. डॅलसची चिप जपून काढायची, प्रोग्रामरमध्ये वाचायची, दोनदा वाचून फाइल जुळते का बघायची आणि मगच ती नव्या चिपेवर उतरवायची. हल्ली एफरॅम नावाची बॅटरीविना टिकणारी मेमरीही अॅडाप्टरवर बसवून वापरता येते. बॅटरी सुटी असेल तर जुनी काढण्याआधी बाहेरून तीन व्होल्टचा आधार द्यायचा आणि सोल्डरिंग आयर्नची पिन सॉकेटमधून उपटून मगच टोक टेकवायचं. जुनी बॅटरी आधी कापून मग आकड्यांची चौकशी करणं म्हणजे वरातीमागून घोडं.

चिपेच्या शेजारीपाजारीही बघावं लागतं. शेवटच्या काळात बनलेल्या २४६५बी मध्ये त्याच बोर्डावर छोटे सरफेस-माउंट कंडेन्सर आहेत. ते झिरपतात. सोल्डर निस्तेज, काळपट होतो, तांब्याच्या बारीक रेषा हिरवट पडतात आणि आयर्न टेकवताच कुजक्या माशासारखा वास येतो. तो वास आला की नुसता कंडेन्सर बदलून भागत नाही. बोर्ड धुवायचा, पूर्ण वाळवायचा आणि मीटर लावून एकेक रेघ तपासायची.

आकडे आधीच गेले असतील तर? मग पूर्ण कॅलिब्रेशन नव्याने. त्याला अचूक व्होल्टेज देणारा, वेळेच्या खुणा देणारा आणि सर्व फ्रिक्वेन्सींवर एकाच उंचीचा सिग्नल देणारा असे वेगवेगळे जनरेटर लागतात, शिवाय मॅन्युअलमधली प्रत्येक पायरी त्याच क्रमाने. फार थोड्या वर्कशॉपकडे हा सगळा सरंजाम असतो. चिप वाचून जे काम अर्ध्या तासात झालं असतं, त्यासाठी दोन-तीन दिवस आणि बरंच मोठं बिल लागतं. आकडे वाचले असले तरी दुरुस्तीनंतर यंत्र एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेतून तपासून घ्यावंच. आयएसओ १७०२५ नुसार चालणाऱ्या अशा प्रयोगशाळेच्या मापांची साखळी राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय मानकांपर्यंत जाऊन पोचते. वर्कशॉपची पावती ते काम करू शकत नाही.

मेंटेनन्स पाहणाऱ्या वाचकांना एकच विनंती. तुमच्याकडे त्या काळातलं यंत्र असेल आणि ते आज नीट चालत असेल, तर ते बिघडायची वाट पाहू नका. पुढच्या कॅलिब्रेशनला पाठवताना मेमरीची प्रत काढून द्यायला लेखी सांगा, फाइलच्या नावात यंत्राचा सिरियल नंबर घाला आणि ती सर्टिफिकेटसोबत जपून ठेवा. दिवाळीच्या सुट्टीआधी हे झालं तर उत्तम.

(पुढील आठवड्यात : सर्किट डायग्राम नसलेलं यंत्र कसं वाचायचं?)